पांढरं पान कुणी पाहिलंय?

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या गावच्या फायरहाऊसच्या हॉलमध्ये दीडशे माणसं, पोरं आणि त्यांचे आईबाप, एका भिंतीकडे बघत बसली होती. दोन्ही बंब बाहेर थंडीत उभे केले होते, कारण त्यांच्या जागेवर खुर्च्या मांडल्या होत्या. त्या तासाभरात गावात आग लागली असती तर आधी उत्साहाने पेटलेले पालक विझवावे लागले असते.

भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड होता. प्रोजेक्टर लायब्ररीचा, आणि लायब्ररीच्या सगळ्या वायरींचा वाली मी. म्हणून मी तिथे होतो. नाहीतर मी त्या माणसासाठी अंथरुणातून उठलो नसतो.

तो माणूस म्हणजे प्रुइट. लोक त्याला 'डीन प्रुइट' म्हणायचे. तो कुठल्याच कॉलेजचा डीन नव्हता, पण कुणी डीन म्हटलं की तो नाही म्हणायचा नाही. 'हॉलवर्थ कॉलेजचे प्रवेश ठरतात त्या खोलीत बसलेला माणूस' अशी त्याची ओळख. हॉलवर्थ म्हणजे शंभरातल्या चौघांना घेणारं कॉलेज. आमच्या न्यू जर्सीच्या गावातले आईबाप त्याचं नाव देवळात बोलतात तसं हळू आवाजात घेतात.

"निकाल अठ्ठावीसला लागणार," प्रुइट म्हणाला. "पण निकाल ठरून तीन आठवडे झालेत, मित्रांनो. मग तो आहे कुठे? यंत्राच्या पोटात. पोर्टलला तोंड नाही, म्हणून ते खुणा करतं. मी फक्त वाचतो."

दीडशे माना हलल्या.

मागून कुणीतरी विचारलं, "पण ल्यूकला तर पत्र आलं फेब्रुवारीतच?"

ल्यूक आमच्या शाळेच्या संघातला, बोट वल्हवणारा पोरगा. त्याला हॉलवर्थकडून खरंखुरं पत्र आलं होतं, खऱ्या डीनच्या सहीचं, की बाबा तू जवळजवळ नक्की आहेस, दुसरीकडे जाऊ नकोस. अशी पत्रं कॉलेजं खरंच पाठवतात. मोजक्यांना, बहुतेक खेळाडूंना. त्यात जादू काही नाही.

प्रुइट हसला. "ज्यांच्या दंडात बळ आहे त्यांना पत्र येतं. ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना दार दिसतं."

मग त्याने मिसेस काल्डरोनच्या डॉमिनिकला पुढे बोलावलं. डॉमिनिकने स्वतःच्या नावाने हॉलवर्थच्या अर्जाचं पोर्टल उघडलं. प्रुइटने डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली आणि वरच्या पट्टीत एक लांबलचक पत्ता टाइप केला.

"पान पांढरं आलं तर शांतपणे स्वीकारायचं," तो म्हणाला. "दार आलं तर…"

पान उघडलं. हॉलवर्थचं चिन्ह, खाली दोन रिकाम्या चौकटी. नाव टाका, पासवर्ड टाका.

"दार," प्रुइट हळूच म्हणाला. "आत खोली आहे, आणि खोलीला कुलूप आहे. ज्याच्यासाठी खोलीच नाही त्याच्यासाठी कुलूप कशाला असेल?"

मिसेस काल्डरोन रडायला लागल्या. शेजारच्या बाईने त्यांच्या हातात कागदी रुमाल दिला, आणि स्वतःच्या पोराला ढोसलं, जा, तूही जा.

माझी बहीण हाना तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसली होती. पाचव्या नंबरला ती उठली. तिलाही दार दिसलं. त्या सकाळी जेवढे उठले तेवढ्यांना दिसलं. कुणालाही याचं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर आई गुणगुणत बटाट्याच्या पिरोगी करंज्या तळत होती. आई गुणगुणली की मला धडकी भरते. शेवटची ती गुणगुणली तेव्हा बाबांनी वापरलेली बोट विकत घेतली होती, आणि तीही गळकी.

"शुक्रवारी मी सही करत नाहीये," हाना म्हणाली.

हे सांगायला हवं. हानाला नऊ वर्षांची असल्यापासून घोड्यांची डॉक्टर व्हायचंय. आमच्या स्टेट युनिव्हर्सिटीचा सात वर्षांचा एक कोर्स आहे, शाळेतून थेट जनावरांची डॉक्टरकी. अख्ख्या राज्यात चोवीस जागा. त्यातली एक तिला मिळाली होती. अट एकच. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत होकार, आणि त्यासोबत बाकी सगळे अर्ज मागे घेतल्याचं लिहून द्यायचं. हॉलवर्थचा निकाल त्यानंतर एका आठवड्याने. दोन्ही हातात धरता येत नव्हतं.

"हॉलवर्थला जनावरांची डॉक्टरकी आहे तरी का?" मी विचारलं.

"नंतर करता येते," आई म्हणाली. "आधी हॉलवर्थ."

आईने हॉलवर्थचा स्टिकर आधीच आणून ठेवला होता, गाडीच्या मागच्या काचेवर लावायचा. स्वयंपाकघरातल्या खणात, कुपनांच्या खाली. तिला वाटत होतं मला माहीत नाही. आमच्या गावात गाडी कुठली आहे ते कुणी बघत नाही, मागच्या काचेवर काय आहे ते बघतात.

"आई, ते दार सगळ्यांना दिसतं. ते आत शिकणाऱ्या पोरांचं लॉगिनचं पान आहे. बँकेचं बंद शटर रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. म्हणून काय सगळ्यांचं खातं असतं तिथे?"

"तू त्या खोलीत बसला होतास का? ते बसले होते."

"ते एक उन्हाळाभर पाहुण्यांना इमारती दाखवायचे. उलटं चालत. मी शोधलंय."

"उलटं का होईना, हॉलवर्थमध्ये चालले ना," आई म्हणाली. "तू कुठे चाललास?"

हानाने प्लेटकडे बघितलं. मी दोन वर्षांपूर्वी शाळा संपवली आणि कुठेच गेलो नाही. कॉम्प्युटर घरी बसून शिकलो, खोलून, बिघडवून, परत जोडून. त्यामुळे घरात प्रिंटर अडकला की मी हुशार, आणि कॉलेजचा विषय निघाला की गप्प.

सोमवारी मी लायब्ररीत गेलो आणि मुलांच्या विभागातल्या कॉम्प्युटरवर, ज्याच्या पडद्याला बदकाचं चित्र चिकटवलेलं आहे, तो पत्ता टाइप केला. लॉगिन नाही, अर्ज नाही, काही नाही. दार आलं. फोटो काढून हानाला पाठवला.

तिचं उत्तर: "गावातली सगळी पोरं तिथूनच अर्ज भरतात. त्याला आठवत असेल."

आजीच्या जुन्या फोनवरून केलं. दार. आजी वारून तीन वर्षं झाली.

"आजी हुशार होती," हानाने लिहिलं. चेष्टा करत होती. पण मत बदललं नव्हतं.

मग मी सरळ प्रुइटलाच ईमेल केला. साधा प्रश्न. पांढरं पान कसं दिसतं ते एकदा दाखवाल का? ज्याला प्रवेश नाही अशा एकाचं.

दोन तासांत उत्तर आलं. "मारेक, मी कुणाचं दुःख भिंतीवर लावत नाही. आणि जपून राहा. घरातल्या एकाचा संशय सगळ्या घराच्या कनेक्शनवर उमटतो. कॉलेजं हे बघतात." आईलाही त्याची प्रत.

संध्याकाळी घरी आलो तर आईने वायफायचा पासवर्ड बदलला होता.

"अठ्ठावीसपर्यंत," ती म्हणाली. "मग परत देईन."

"आई, तो पासवर्ड बदलायला तुला कुणी शिकवलं?"

"तूच."

मी शेजाऱ्यांच्या कुंपणाला टेकून त्यांच्या वायफायवर आठवडा काढला. पाय गारठले. राग मात्र गरम होता.

पण खरा वैताग पुढे होता. मंगळवारपासून लायब्ररीत एकेक पालक छापायला यायला लागले. आमच्या गावातल्या लोकांचा एक स्वभाव आहे, आनंदाची गोष्ट फोनवर राहिली तर त्यांना खरी वाटत नाही, कागदावर लागते. मला दिसू नये म्हणून पडदा पलीकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "एकच पान. तू बघू नकोस."

मी बघत नव्हतो. पण प्रिंटर जुना आहे, दर दुसरं पान अडकतं, आणि अडकलेलं पान मलाच ओढून काढावं लागतं. प्रुइटने फी घेऊन पाठवलेला ईमेल होता तो, खाली 'प्रवेश नाही तर पैसे परत' असं वचन.

"तुमच्या शाळेतून यंदा हॉलवर्थ एकाच विद्यार्थ्याला घेत आहे. मी नाव पाहिलं आहे. बाकी तुम्ही समजून घ्या. अठ्ठावीसपर्यंत कुणाशीही बोलू नका. बोलणं बाहेर गेलं तर जागाही जाते."

बुधवारी दुपारपर्यंत हेच पान मी चार वेळा ओढून काढलं. चार वेगळी घरं. सगळी एकाच शाळेची.

गावात त्या आठवड्यात काय शांतता होती म्हणून सांगू. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, शाळेच्या फाटकात, जो तो गोड हसायचा आणि समोरच्याची जरा कीव करायचा. बिचारे, यांना माहीत नाही. कुणी कुणाला विचारत नव्हतं, त्यामुळे कुणाला काही कळत नव्हतं. 'गप्प बसा' ही अट काळजीपोटी नव्हती. धंदाच त्या अटीवर उभा होता.

मी आमच्या मुख्य ग्रंथपाल मिस हॅल्पर्नकडे गेलो. "मी हे गावाला सांगणार आहे."

"नाही सांगणार," त्या म्हणाल्या. चष्मा न काढता. "लोक आपल्याकडे आजारपणाचे कागद छापतात, घटस्फोटाचे छापतात. छापायच्या टेबलावर आपण आंधळे असतो, मारेक. तू आज चांगल्या कारणासाठी डोळे उघडलेस तर उद्या वाईट कारणासाठी कुणीही उघडेल."

"मग माझ्या बहिणीची जागा जाऊ दे?"

"मी तसं म्हटलं नाही. जे तू टेबलावर पाहिलंस ते बोलायचं नाही. जे सगळ्यांच्या समोर आहे ते बोलायला तुला कुणी अडवलंय?"

मला तेव्हा त्यांचा फार राग आला. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

गुरुवारी फायरहाऊसमध्ये पॅनकेकचं जेवण होतं. दर मार्चला असतं, नव्या पायपांसाठी निधी. सगळं गाव येतं. चीफ डिनार्डो स्वतः तव्यावर असतात. वय सहासष्ट, दहावीनंतर शाळा सोडली, आणि ते अभिमानाने सांगतात.

मी त्यांच्याकडे गेलो. "चीफ, एक मिनिट फोन द्याल?"

"सिरप लागेल त्याला."

"लागू दे."

मी प्रोजेक्टर परत न्यायला आलोच होतो. तो लावला, चीफचा फोन जोडला आणि माईकवर म्हणालो, "चीफना हॉलवर्थला अर्ज करायचाय. खूण बघून घेऊ."

लोक हसले. मी पत्ता टाइप केला. भिंतीवर हॉलवर्थचं चिन्ह आलं, दोन रिकाम्या चौकटी.

चीफनी उलथनं हातात घेऊनच भिंतीकडे बघितलं.

"म्हणजे मी पास?" चीफ म्हणाले. "वसतिगृहात पार्किंग आहे का बघ."

"हे पान जगात कुणालाही दिसतं," मी म्हणालो. "रविवारी पुढे आलेल्या सगळ्यांना दिसलं. मला एवढंच विचारायचंय. पांढरं पान कुणी पाहिलंय? इथे कुणी एकाने? स्वतःचं, दुसऱ्याचं, कधीही?"

कुणी हात वर केला नाही. डॉमिनिक काल्डरोन स्वतःच्या फोनवर काहीतरी टाइप करत होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता.

मिसेस काल्डरोन उठल्या. "दार सोड. चीफला दिसो नाहीतर त्यांच्या कुत्र्याला दिसो. आम्हाला लेखी मिळालंय." आणि पर्समधून घडी केलेला कागद काढून त्यांनी डोक्यावर धरला.

मी तोंड मिटून घेतलं. मी काही पाहिलं नव्हतं. मी आंधळा होतो.

"लेखी?" दुसऱ्या टेबलावरून मिस्टर बेनेडेक म्हणाले. "तुम्हाला काय लेखी? लेखी तर आम्हाला दिलंय."

"काय दिलंय?"

"ते सांगता येत नाही."

"आम्हालाही सांगता येत नाही."

बेनेडेकांनीही कागद काढला. मग आणखी एक पर्स उघडली. मग एक कोटाचा खिसा. चीफ तवा सोडून आले, हात एप्रनला पुसले, मिसेस काल्डरोनच्या हातातला कागद घेतला आणि आगीची सूचना वाचतात तशा आवाजात वाचला. मग बेनेडेकांचा घेतला. "तुमच्या शाळेतून यंदा हॉलवर्थ एकाच विद्यार्थ्याला," ते थांबले. तिसरा घेतला. "तुमच्या शाळेतून यंदा." चौथा नुसता बघितला आणि टेबलावर ठेवला.

अकरा कागद जमले. अकरावा माझ्या आईचा होता. तिने माझी सुट्टी बघून छापून आणला होता. ती पुढे आली नाही, बसल्या जागेवरून तिने तो शेजारच्या हातात दिला, आणि कागद हातोहात पुढे गेला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

"एक पोरगं घेणार आणि अकरा जणांना तूच तो म्हणाला," चीफ म्हणाले. "अकरापैकी कुणाचं झालं तर ते घर याचं गाणं गाणार. ज्यांचं नाही झालं त्यांचे पैसे परत करून तोंड बंद. हे तर मलाही जमेल."

आता सगळं संपलं, असं मला वाटलं. इथेच माझं चुकलं.

"बरोबर आहे," कुणीतरी म्हणालं. "पण अकरापैकी एकाचं तर खरं असेल ना."

आणि अकरा घरं परत एकमेकांकडे बघायला लागली, तशीच, जरा कीव करत.

गाडीत आईने तेच म्हटलं. "बाकी दहा जणांना त्याने फसवलं. वाईट माणूस." हाना मागे बसून काचेबाहेर बघत होती. माझं स्टिअरिंगवर डोकं आपटायचं तेवढं बाकी होतं.

शुक्रवारी दुपारी तीनला मी तबेल्यावर गेलो. हाना एका म्हाताऱ्या घोडीचा खूर मांडीवर घेऊन माती काढत होती.

"भाषण द्यायला आलास?" तिने वर न बघता विचारलं.

"नाही. एक सांगायचंय. आईला माहीत नाही. मी दोन वर्षांपूर्वी हॉलवर्थला अर्ज केला होता."

तिचा हात थांबला. "तू?"

"मी. पोर्टलवर कागदांची यादी असते ना. त्यातली घरच्या उत्पन्नाच्या कागदाची ओळ एके दिवशी गायब झाली. नेटवर लिहिलं होतं, ही ओळ गेली की समजा प्रवेश झाला. मी ते चाळीस ठिकाणी वाचलं. स्टेटचा होकार तेव्हा माझ्या हातात होता, इंजिनिअरिंगचा. उत्तर द्यायची तारीख आली आणि गेली. मी दिलं नाही. मग हॉलवर्थचा नकार आला."

"तू तर म्हणालास कॉलेज नकोच."

"मूर्ख दिसण्यापेक्षा आळशी दिसणं सोपं होतं."

घोडीने पाय झटकला. हानाने तो परत धरला.

"ती ओळ का गेली होती?"

"कागद पोचला होता म्हणून. पोचला की ओळ जाते. सगळ्यांची जाते. एका फोनवर कळलं असतं. मी फोन केला नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं."

ती बराच वेळ खूर साफ करत राहिली, तो साफ झाल्यावरही.

"म्हणजे माझं होणारच नाही, असं म्हणतोयस?"

"नाही. होईलही. त्या दारात हो पण नाही आणि नाही पण नाही. ते नुसतं पान आहे."

"मग ठरवायचं कशावर?"

"तुला काय काय माहीत आहे ते बघ. त्यावर."

तिने खूर खाली ठेवला, हात पॅन्टला पुसले. "आई महिनाभर बोलणार नाही."

"माझ्याशी तर आताच बोलत नाही."

"गाडी कुठे लावलीस?"

चार वाजून चाळीस मिनिटांनी हाना लायब्ररीत छापायच्या टेबलासमोर उभी होती, बुटांना चिखल. होकार आणि अर्ज मागे घेतल्याचं पत्र, दोन्ही पाठवून झालं होतं. पोचपावती छापायची होती. आमच्या घराण्यालाही कागदच लागतो.

"एकच पान," ती म्हणाली. "तू बघू नकोस."

मी मान फिरवली. प्रिंटर अडकला. मी न बघता ओढून काढलं.

अठ्ठावीसला निकाल लागला. ल्यूकचं झालं, त्याला पत्र होतंच. अकरापैकी एकाचं झालं, डॉमिनिक काल्डरोनचं. पोरगा हुशार आहे, त्याचं व्हायला हवंच होतं. दुसऱ्या दिवशी प्रुइटच्या साइटवर मिसेस काल्डरोनचा व्हिडिओ होता. डोळे पुसत सांगत होत्या, "आम्हाला बारा दिवस आधी दार दिसलं होतं." उरलेल्या दहांपैकी एकाचाही व्हिडिओ नव्हता, आणि कधी असणारही नाही. पुढच्या मार्चसाठी त्याचं बुकिंग भरलंय असं ऐकतो. आईने वायफायचा पासवर्ड परत दिला. स्टिकर अजून खणात आहे, आणि भांडी घासताना ती मध्येच म्हणते, "झालं असतं." हानाने अर्ज मागे घेतला, त्यामुळे ते आता कुणालाच खोटं ठरवता येणार नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्याकडे पोर्टल नसेल, पण खुणा वाचणारा कुणीतरी असेलच. त्याच्याशी वाद घालू नका, मी घालून बघितलाय. त्याला एवढंच विचारा, उत्तर 'नाही' असतं तर मला काय दिसलं असतं? ते एकदा दाखव. तो दाखवू शकला नाही तर उठा आणि घरी जा. आणि जाताना शेजाऱ्याला विचारा, तुला काय सांगितलं. गप्प बसायला सांगितलं असेल तर मोठ्याने विचारा.